पाट्या गेलेल्या गुलाबांना नावं लावताना

इंदुरात गुलाब ओळखायला बसायचं तर डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर, एवढाच काळ कामाचा. दसरा-दिवाळीच्या दरम्यान छाटणी झाली की साधारण सात आठवड्यांत पहिला बहर येतो. रात्री गार, दिवसा कोरडं ऊन, त्यामुळे फूल पूर्ण आकाराचं होतं, पाकळ्या पुऱ्या भरतात आणि रंग त्या जातीला शोभेल असा उतरतो. मार्च संपता संपता तेच झाड लहानखुरं, फिकट, पाकळ्या कमी असलेलं फूल देतं. पावसाळ्यात फुटवा लुसलुशीत, पानांवर काळे ठिपके, खालची पानं गळालेली. एप्रिलमधल्या फुलाचा फोटो पाठवून "हा कोणता हो?" असं विचारणाऱ्याला खरं उत्तर एकच: डिसेंबरात विचारा.

रामबागेजवळच्या एका जुन्या सोसायटीच्या सामाईक बागेत हे काम आम्ही काही जणांनी मिळून केलं. पाट्या कधीच्याच गेलेल्या. काही उन्हाने कोऱ्या झाल्या होत्या, काही खुरपणीत उपटून शेजारच्या झाडापाशी रोवल्या गेल्या होत्या. लोक मात्र इथून डोळे भरायला, म्हणजे कलमं करायला, काड्या नेत होते आणि काडीबरोबर नावही नेत होते. इथला 'मिस्टर लिंकन' लोकमान्यनगरात जाऊन 'पापा मेयाँ' व्हायचा आणि तिथून सुदामानगरात गेला की नुसता 'लाल, वासाचा'. प्रदर्शनात फूल मांडणाऱ्यांना तर हे महागात पडतं. अमेरिकन रोझ सोसायटीच्या नियमांत चुकीच्या नावाने मांडलेलं फूल बाद होतं, मग ते कितीही देखणं असो.

नाव शेवटी, आधी नंबर. हा नियम आम्ही सुरुवातीलाच घालून घेतला, कारण झाडासमोर उभं राहून "हा तर 'पीस' गुलाबच!" असं कुणी म्हटलं की पुढच्या सगळ्या खुणा माणूस त्या नावाला जुळवत बसतो. म्हणून वाफ्याला अक्षर, झाडाला आकडा: अ-1, अ-2, ब-7. कागदावर नकाशा, त्यावर उत्तर दिशा आणि नळाची जागा. वहीत प्रत्येक नंबराला एक पान, पानावर नावाची जागा मोकळी.

पाटीचं तंत्र आधी सांगतो, कारण निम्मा गोंधळ पाटीमुळेच होतो. 'परमनंट' म्हणून विकला जाणारा मार्कर माळव्याचा एक उन्हाळा काढत नाही. प्लास्टिकच्या पट्टीवर साध्या टू-बी पेन्सिलीने लिहिलेलं त्याहून कितीतरी जास्त टिकतं. सगळ्यात टिकाऊ म्हणजे थंड पेयाच्या ॲल्युमिनियम कॅनची पट्टी, 2 सेंटिमीटर रुंद, 8 लांब. कडा दुमडून घ्यायच्या, नाहीतर बोट कापतं. चार घडी वर्तमानपत्रावर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहायचं. अक्षर पत्र्यात कोरलं जातं आणि पुसायचा प्रश्न उरत नाही. भोक पाडून तांब्याची तार ओवायची. ही पट्टी फांदीला बांधू नये. फांदी पुढच्या ऑक्टोबरात छाटली जाते आणि पाटी काडीकचऱ्याबरोबर जाते. बुंध्याभोवती सैल कडं करावं, बुंधा जाड व्हायला जागा ठेवून, आणि दुसरी तशीच पट्टी झाडापासून वीतभर लांब लोखंडी सळीला.

मग गुडघ्यावर बसून कलमाचा सांधा पाहायचा. ही पायरी सगळे टाळतात, कारण फुलाकडे पाहण्यात जी मजा आहे ती माती उकरण्यात नाही. बाजारातला जवळजवळ प्रत्येक गुलाब डोळा भरून केलेला असतो: खाली खुंट एका जातीचा, वर डोळा दुसऱ्या जातीचा. उत्तर आणि मध्य भारतात खुंट म्हणून रोझा इंडिका ओडोराटा, एडवर्ड, मल्टीफ्लोरा हे वापरतात. छाटणीनंतर डायबॅक लागला, म्हणजे फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत आली, आणि ती सांध्यापर्यंत पोचली की वरची जात मरते. खुंट मात्र जिवंत असतो. तो जोमाने फुटतो, हिरवागार होतो आणि घरातली मंडळी खूश होतात की गुलाब वाचला. पुढच्या वर्षी लहान गुलाबी फुलांचे झुपके येतात आणि मग 'माझ्या लाल गुलाबाचा रंग बदलला' ही तक्रार सुरू होते. रंग बदललेला नसतो, झाडच बदललेलं असतं.

तपासायला सांध्याची गाठ उघडी करा. बुंध्याभोवतीची माती चार बोटं बाजूला केली की बहुधा दिसते. फुटवा गाठीच्या वरून निघाला असेल तर जात, खालून निघाला असेल तर खुंट. पानांवरूनही कळतं: खुंटाच्या पानात बरेचदा सात पर्णिका, म्हणजे एका पानातली सुटी छोटी पानं, लहान, फिकट, फांदी सडसडीत आणि लांब. पण 'सात पर्णिका म्हणजे खुंट' असं सरसकट धरू नका. हायब्रिड टी, म्हणजे मोठ्या फुलांच्या आधुनिक गुलाबांच्या गटातल्या झाडाच्या, जोमदार फांदीवरही सात पर्णिकांची पानं येतात. पुरावा सांध्याचाच. खुंटाचा फुटवा कात्रीने कापू नये, मुळापाशी उकरून खाली ओढून तोडावा. कापला तर तिथल्या सुप्त डोळ्यांतून एकाचे तीन होतात. आमच्या बागेत 'देशी' म्हणून नोंदलेली काही झाडं अशीच खुंटाची निघाली. त्यांच्या पानावर वरची जात मेल्याची नोंद केली आणि नावाचा शोध तिथेच थांबवला.

उरलेल्या झाडांची नोंद बहराच्या दिवसांत, सकाळी आठ ते दहा. दव उतरलेलं असतं, वास चढलेला असतो आणि पाकळ्या उन्हाने मऊ पडलेल्या नसतात. ज्या क्रमाने पाहिलं तोच सांगतो.

कळी आधी: निदलं, म्हणजे कळीला झाकणारी पाच हिरवी पानं, मागे वळायला लागली की कळीचा आकार नोंदवायचा. निमुळती लांब, सुरईसारखी की अंड्यासारखी गोल. मग निदलांच्या कडा: साध्या, की बाजूला पिसांसारखे फाटे. त्याखालचा फुगीर भाग, ज्याचं पुढे बोंड होतं, आणि त्याखालचा देठ यांवर बोट फिरवायचं. गुळगुळीत आहे, की ग्रंथींची चिकट लव आहे? काही जातींत ही लव चोळली की राळेचा वास येतो. ही खूण ऋतूप्रमाणे फारशी बदलत नाही, म्हणून रंगापेक्षा तिला जास्त वजन द्यावं.

काटे पाहायचे ते पक्व फांदीवर, फुलापासून चौथ्या-पाचव्या पानाच्या खाली. सरळ की आकडीसारखे वाकलेले, तळ रुंद की अरुंद, सगळे एका मापाचे की मोठ्यांमध्ये बारीक रवाळ काटेही. दहा सेंटिमीटरमध्ये किती, तेही मोजून लिहा. 'खूप' आणि 'थोडे' या शब्दांवर कुणाचंच एकमत होत नाही. कोवळ्या फुटव्याचा रंग तांबूस की हिरवा. पक्व पान चकचकीत की मंद.

पानाच्या रंगाबाबत इथल्या काळ्या मातीचा एक घोळ आहे. मातीत चुना जास्त असतो, त्यामुळे लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. अशा झाडाचं पान 'फिकट हिरवं' म्हणून नोंदवलं तर ओळख सरळ दुसऱ्या जातीकडे जाते. चिलेटेड, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातल्या, लोहाची फवारणी करून नवा फुटवा पक्का होईपर्यंत थांबलेलं बरं.

पाकळ्यांची मोजणी हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी भाग. एकाच झाडाची तीन फुलं घ्यायची, पहिल्या बहरातली, वेगवेगळ्या फांद्यांची. वर्तमानपत्रावर बाहेरून आत एकेक पाकळी उपटून पाच-पाचच्या ओळी लावायच्या. शेवटी मधोमध पुंकेसरांना चिकटलेल्या अरुंद, अर्धवट पाकळ्या येतात. त्या वेगळ्या ठेवून वेगळ्या मोजायच्या. त्यांच्यामुळेच दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत. 4 ते 8 एकेरी, 9 ते 16 निमदुहेरी, 17 ते 25 दुहेरी, 26 ते 40 भरगच्च, 41च्या पुढे अति भरगच्च, असे गट धरतात. एखाद-दुसऱ्या पाकळीचा फरक सोडून द्या, गट बदलला तर मात्र थांबून विचार करा.

फोटोंबद्दल थोडक्यात. मोबाइल लाल रंगाला नेहमी फसवतो: मखमली काळपट लाल चेरीसारखा भडक करतो, जांभळट छटेला गुलाबी करतो. फूल सावलीत घ्या, शेजारी पांढरा कागद आणि मोजपट्टी ठेवा, एक्स्पोजर एक घर खाली आणा. प्रत्येक झाडाचे फोटो ठरलेलेच: कळी, समोरून फूल, बाजूने फूल, पाकळीची मागची बाजू, पान दोन्ही बाजूंनी, काटे, पूर्ण झाड. ओळख सांगणारी ॲप्स 'हायब्रिड टी गुलाब' इथवर बरोबर येतात; त्यापुढचं नाव ती ठोकून देतात. ते वहीत उतरवू नये.

आता लाल गुलाब. बागेतल्या भांडणांपैकी निम्मी इथलीच.

'पापा मेयाँ' (1963), 'मिस्टर लिंकन' (1964) आणि 'ओक्लाहोमा' (1964) हे तिघे सख्खे भाऊ आहेत. तिघांचेही आईबाप तेच: 'क्रायसलर इम्पीरियल' आणि 'चार्ल्स मालराँ'. पहिला फ्रान्समधल्या गुलाब पैदास करणाऱ्या मेयाँ घराण्याचा, बाकी दोन अमेरिकेतल्या स्विम आणि वीक्स यांचे. तिघे गडद, तिघे मखमली, तिघांना दमदार वास. त्यामुळे 'काळपट लाल आणि वासाचा' एवढ्यावर नाव सांगणारा माणूस तिघांपैकी एकाचं नाव चिठ्ठी टाकून सांगत असतो. त्यात नर्सरीच्या पाट्यांवर 'पापा मिलन' पासून 'पापा मिलांड' पर्यंत सगळी रूपं दिसतात.

वर्तमानपत्रावर तिघांच्या पाकळ्या शेजारी-शेजारी मांडल्या की पहिला निकाल लागतो. 'ओक्लाहोमा'च्या ओळी संपत नाहीत. पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास जातात. 'पापा मेयाँ' आणि 'मिस्टर लिंकन' पस्तिशीच्या आगेमागे थांबतात. 'ओक्लाहोमा'ची कळी गोलसर अंड्यासारखी, फूल मोठं, गोळ्यासारखं, आणि वजनाने मान झुकलेली. रंग तिघांत सगळ्यात काळा, पण उमलून दोन-तीन दिवस झाले की जांभळटपणा दिसू लागतो. पाकळी म्हातारी होताना पेशीरसाची आम्लता कमी होते आणि तोच लाल रंगद्रव्याचा रंग निळसर दिसू लागतो, म्हणून हा फरक ताज्या नव्हे तर शिळ्या फुलावर पाहायचा. ताज्या फुलाचा फोटो आणि त्याच फुलाचा तिसऱ्या दिवसाचा फोटो, दोन्ही वहीत हवेत.

उरलेल्या दोघांत 'मिस्टर लिंकन' उंचीने ओळखू येतो. छाटणीनंतर तो सरळ वर धावतो, फुलाचा देठ लांब आणि ताठ, पान जाडसर, गर्द आणि बिनचकाकीचं. फूल पेल्यासारखं उघडतं आणि लवकरच मधले पुंकेसर दाखवतं. रंग गडद, पण काळेपणाकडे न झुकणारा. 'पापा मेयाँ' त्यामानाने बुटका, ताठ, काट्यांनी भरलेला. कळी टोकदार, बाहेरच्या पाकळ्यांच्या कडांवर काजळी धरल्यासारखी छटा. आणि भुरी. जानेवारीत रात्री गार, दिवस कोरडे झाले की कोवळ्या पानांवर, कळीखालच्या देठावर पांढरी पूड पहिल्यांदा याच्यावर बसते. रोगावरून जात ओळखणं शास्त्रशुद्ध नाही हे मान्य, पण एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर वाढलेल्या दोन झाडांपैकी एक दरवर्षी पांढरं होत असेल तर ती नोंद फुकट जात नाही. 'पापा मेयाँ'ला 1988 साली जागतिक गुलाब महासंघाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये जागा मिळाली ती फुलासाठी आणि वासासाठी, तब्येतीसाठी नक्कीच नव्हे.

चौथा दावेदार 'क्रिश्चन डिऑर' (1958). हाही मेयाँचाच आणि भारतात भरपूर लावलेला. याला वेगळं काढायला नाक पुरेसं आहे. सकाळी नऊ वाजता अर्धउमललेल्या फुलाला वास जवळजवळ नाही आणि पाकळ्या पन्नाशीच्या पुढे, पाकळीची मागची बाजू पुढच्यापेक्षा फिकट: मग तो 'क्रिश्चन डिऑर'. मखमलीऐवजी रंग उजळ शेंदरी-लालाकडे. जुन्या बागांमधले बरेचसे 'मिस्टर लिंकन' या कसोटीवर 'क्रिश्चन डिऑर' ठरतात. मालकांना ते आवडत नाही, इलाज नाही. आणि या सगळ्यांच्या मागे आजोबा म्हणावा असा जर्मन पैदासकार कोर्डेसचा 'क्रिमसन ग्लोरी' (1935) आहेच. वास अप्रतिम, पण देठ इतका कमजोर की फूल कायम जमिनीकडे पाहतं. फूल उचलून धरल्याशिवाय दिसत नसेल तर हे नाव यादीत घ्या.

'पीस'चं प्रकरण निराळं आहे. फ्रान्सिस मेयाँचा हा गुलाब. फ्रान्समध्ये 'मादाम ए. मेयाँ', जर्मनीत 'ग्लोरिया दाय', इटलीत 'जोया', आणि 1945 साली अमेरिकेत 'पीस'. चार नावं, झाड एकच. पिवळ्या पाकळीला गुलाबी कड, पान मोठं, गर्द, तेल लावल्यासारखं चकचकीत. गडबड होते ती त्याच्या स्पोर्टांमुळे. स्पोर्ट म्हणजे झाडाच्या एखाद्या फांदीत आपोआप झालेला बदल, जो डोळा भरून टिकवला जातो. 'शिकागो पीस' (1962) हा 'पीस'चाच स्पोर्ट: गुलाबी बराच गडद, तळाशी पिवळा. 'क्रोनेनबर्ग' (1966) हाही त्याचाच: आतून किरमिजी, बाहेरून पिवळसर. इथे पान, काटा, कळी, पाकळ्यांची संख्या या वर सांगितलेल्या सगळ्या खुणा निरुपयोगी ठरतात, कारण तिन्ही झाडांत त्या सारख्याच असतात. फरक फक्त रंगाचा, आणि रंग हवेप्रमाणे हलणारा. गार हवेत 'पीस'ची कड इतकी गुलाबी होते की नवशिक्याला तो 'शिकागो' वाटावा. त्यामुळे एका फुलावर निर्णय नको. पूर्ण बहर पाहा, आणि शक्य असेल तर शेजारच्या पक्क्या 'पीस'शी त्याच दिवशी ताडून पाहा. एकाच झाडावर एका फांदीला 'शिकागो' आणि दुसरीला 'पीस' असंही होतं. स्पोर्ट मूळ रूपाकडे परततो. तसं दिसलं तर परतलेली फांदी बुडापासून काढावी. सहसा तीच जास्त जोमाची असते आणि दोन-तीन वर्षांत झाडावर कब्जा करते.

मुद्दाम घडवलेले बदलही याच घरातले. दिल्लीच्या पुसा संस्थेतला पट्ट्यापट्ट्यांचा 'अभिसारिका' हा 'किस ऑफ फायर'वर गॅमा किरणांचा मारा करून मिळवलेला. त्यावर बिनपट्ट्यांची फांदी निघाली तर दुसऱ्या जातीचा डोळा चुकून भरला गेला असं लगेच समजू नये. डीएनए तपासणीने दोन वेगळ्या जाती नक्की सांगता येतात, पण स्पोर्ट आणि त्याचं मूळ झाड यांत ती तपासणीही सहसा गप्प बसते.

गुलाबी उंच झाडांत 'क्वीन एलिझाबेथ' (1954) आणि 'आयफेल टॉवर' (1963) यांची अदलाबदल इतकी सर्रास आहे की इंदुरातल्या कुठल्याही बंगल्याच्या कुंपणाशी दोन्ही नावं एकाच झाडाला ऐकू येतील. दोन्ही उंच, दोन्हींना काटे कमी. 'क्वीन एलिझाबेथ' झुपक्यात फुलते, फूल मध्यम, पेल्यासारखं, वास नावापुरता. 'आयफेल टॉवर'ची कळी लांब, निमुळती, फूल बहुधा एकेकटं, आणि वास चांगलाच. कळीची लांबी आणि रुंदी मोजली तरी काम होतं; डोळ्यांनी 'लांबट' म्हणून सोडू नये.

नारिंगी-पोवळ्याच्या रंगात 'सुपर स्टार' आणि 'फ्रेग्रंट क्लाउड'. दोन्ही जर्मनीच्या टांटाऊचे. 'सुपर स्टार' (1960) अमेरिकेत 'ट्रॉपिकाना' म्हणून विकला गेला, म्हणून एकाच बागेत एकच झाड दोन नावांनी दोनदा विकत घेतलेलं सापडतं. रंग पेटता, डोळ्यांत भरणारा, वास मध्यम. 'फ्रेग्रंट क्लाउड' विटकरी लालाकडे झुकतो, म्हातारपणी मळकट होतो, पण वासाला तोड नाही. 'डबल डिलाइट' (1977) ओळखायला सोपा समजला जातो, तरी एक सापळा आहे. त्याच्या साईच्या रंगावर चढणारा लाल हा उन्हातल्या अतिनील किरणांनी येतो. पॉलिहाउसमध्ये किंवा काचेआड वाढलेल्या झाडाचं फूल जवळजवळ पांढरं राहतं. नर्सरीतून आणलेल्या झाडाची पहिली फुलं पांढरट आली म्हणून 'फसवलं' असं ओरडण्याआधी पुढचा बहर उघड्या उन्हात पाहून घ्या.

पांढऱ्यांत 'आइसबर्ग' (1958) गार हवेत गुलाबी ठिपके आणि छटा दाखवतो, ती खूण चुकवू नका. पान फिकट, चकचकीत, काटे थोडे, फुलं झुपक्यात. 'जॉन एफ. केनेडी'च्या कळीत हिरवट झाक असते आणि फूल मोठं, भरगच्च, एकेकटं. पिवळ्यांत 'लँडोरा' आणि 'सनब्लेस्ट' यांत फरक शोधत बसू नका, तो एकच गुलाब आहे. जांभळटांत 'ब्लू मून'ला लिंबासारखा वास आणि सगळ्या फुलावर एकसारखा रंग. पाकळीच्या कडेला माणकासारखी लाल झाक असेल तर 'पॅरडाइज' पाहा. पुसाचा 'मोहिनी' तपकिरी-चॉकलेटी छटेमुळे कुणाशीच गल्लत होऊ देत नाही. इतर भारतीय जातींसाठी मात्र परदेशी याद्यांतली वर्णनं तुटपुंजी पडतात. तिथे जुन्या छापील याद्या आणि पक्कं नाव असलेलं झाड, हेच आधार.

'देशी गुलाब' या नावाखाली इथे किमान दोन वेगळी झाडं वावरतात. गुलकंदासाठी कुणी देशी गुलाब मागितला आणि खुंटाचं झाड मिळालं, असंही होतं. पाहायच्या खुणा अशा: चैती गुलाब, म्हणजे रोझा डमासेना, वर्षातून एकदा, वसंतात फुलतो. पान मऊ, करडट हिरवं, खालून लव असलेलं. देठ आणि फुगीर भाग ग्रंथींनी चिकट. निदलं लांब, टोकाला पानासारखी पसरलेली. काटे लहान-मोठे मिसळलेले. एडवर्ड हा बूर्बाँ गटातला. या गटाचं मूळ आजच्या रियुनियन बेटावरचं, तिथे डमास्क आणि चिनी गुलाबाच्या संकरातून तो आला. तो बारा महिने थोडाथोडा फुलतो, पान जास्त गुळगुळीत, फूल गडद गुलाबी, गोलसर. जुलैत फूल दिसलं तर चैती गुलाब हे नाव खोडायला हरकत नाही. आणि फुलबाजारात ज्याला 'डच गुलाब' म्हणतात ती जात नव्हेच. पॉलिहाउसमधल्या लांब देठाच्या कुठल्याही गुलाबाला ते नाव लागतं.

नोंदी पुऱ्या झाल्यावरच पुस्तकं आणि ऑनलाइन याद्या उघडल्या. ताडताना आधी न जुळणाऱ्या खुणा शोधायच्या. दहा गोष्टी जुळल्या आणि पाकळ्यांचा गट किंवा देठावरची लव जुळली नाही, तर ते नाव सोडून द्यायचं. नर्सरीवाला "भिया, कलकत्ते का माल है, लाल आएगा" एवढंच सांगत असेल तर त्याचा शब्द वहीत 'ऐकीव' म्हणून जातो, नाव म्हणून नाही. फोटो लावलेली चकचकीत कार्डंही त्याच रकान्यात. एकाच छायाचित्राची कार्डं वेगवेगळ्या झाडांना लटकलेली सर्रास दिसतात.

नव्या जातींच्या लेबलावर विक्रीच्या नावाशेजारी एक विचित्र शब्द असतो. त्याकडे दुर्लक्ष करू नका, खरं नाव तेच. त्यातली पहिली मोठी अक्षरं पैदासकाराची: एमईआय म्हणजे मेयाँ, केओआर म्हणजे कोर्डेस, टीएएन म्हणजे टांटाऊ, एयूएस म्हणजे डेव्हिड ऑस्टिन. विक्रीचं नाव देशोदेशी बदलतं, हे सांकेतिक नाव बदलत नाही. ते लेबल झाडावर राहू द्यायचं नाही, वहीत चिकटवायचं.

नाव लिहिताना तीन दर्जे ठेवले. सगळ्या खुणा जुळल्या आणि पक्क्या झाडाशी ताडून झालं की एकेरी अवतरणात नाव: 'मिस्टर लिंकन'. खुणा जुळल्या पण ताडायला झाड मिळालं नाही, तर नावापुढे प्रश्नचिन्ह, आणि कुठली खूण अजून पाहायची आहे तेही. काहीच जुळलं नाही तर बागेपुरतं कामचलाऊ नाव दुहेरी अवतरणात, "रामबाग गुलाबी, नळाजवळचा" असं. जुन्या, बेनाव गुलाबांसाठी जगभर हीच पद्धत आहे. दुहेरी अवतरण पाहताच जाणकाराला कळतं की ही नोंदणीकृत जात नव्हे. प्रश्नचिन्हाची पाटी लावायला लोकांना कमीपणा वाटतो. सोसायटीतल्या एका काकूंनी तर आपल्या वाफ्यातली प्रश्नचिन्हं पुसून टाकायला सांगितली होती. आम्ही नाव पुसलं, प्रश्नचिन्ह ठेवलं.

डोळे भरायचा हंगाम इथे डिसेंबर ते फेब्रुवारी. आता बागेतून काडी जाते ती पट्टीसकट: झाडाचा नंबर, नाव, दर्जा आणि तारीख. ओल्या कापडात गुंडाळलेल्या काड्यांच्या जुडीला बाहेरून चिठ्ठी लावू नये, ओलीने फाटते. पेन्सिलीने लिहिलेली प्लास्टिकची पट्टी जुडीच्या आत घालावी. एका कापडात एकच जात. आणि काडी कापायची ती त्यावर फूल असताना किंवा नुकतंच गळाल्यावर, म्हणजे खुंटाच्या किंवा परतलेल्या फांदीवरचा डोळा जाणार नाही.